तिसऱ्या रकान्यातलं होय

गुरू, तुझी वही शेवटी माझ्याकडेच आली. तुला माती देऊन बारा दिवस झाले होते. वहिनींनी पेटीतल्या लुगड्यांखालून ती काढली, पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "तुमच्या घराचं पान बघू दे म्हणाले होते." कधी म्हणाला होतास, कशासाठी, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो पानं मोजून घ्यायचा. सोलापूरच्या एसटीत खिडकीशी बसून, बोटाला थुंकी लावून मी ती मोजली. एकही पान फाडलेलं नव्हतं. मग शिवण उलगडून पाहिली, मधलं एखादं पान काढून नवं घातलेलं असावं म्हणून. दोरा जुनाच होता. एवढं झाल्यावर मला तुझी आठवण येऊन रडू आलं, त्याच्या आधी नाही.

तू हसला असतास. माझा स्वभाव तुला शाळेपासून माहीत. गिरणीत फोल्डिंग खात्यात वीस वर्षं मी कापड तपासतोय. दिवसभर डोळ्यांपुढून ताग्यांमागून तागे जातात आणि त्यात तुटलेला धागा, तेलाचा डाग, चुकलेली वीण शोधायची. चांगलं कापड मला दिसतच नाही. तू सगळ्यांना सांगायचास, शिवप्पा जेवायला बसला की भाकरीसुद्धा उजेडासमोर धरून बघतो. तू एवढंच म्हणून सोडून द्यायचास. मी मात्र तुझ्याबाबतीत काही सोडलं नाही.

पण संशयी मी एकटा होतो काय? गावच्या शाळेत मास्तर झालास आणि पोरांना बाराखडी शिकवता शिकवता गावाचा इतिहास लिहायच्या नादाला लागलास. चावडीतल्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या उतरवून घेतल्यास. मोडी लागत नव्हती तेव्हा अक्कलकोटला एका म्हाताऱ्या कारकुनाकडे दर रविवारी जाऊन शिकलास. वेशीजवळचा वीरगळ घासून घासून त्यावरची कानडी अक्षरं कागदावर घेतलीस. आणि माणसं. ज्याच्या तोंडात चार दात उरलेत त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं, हे तुझं व्रतच होतं. वहीत तीन रकाने. काय विचारलं, कोणी काय सांगितलं, खरं वाटतं का. पहिले दोन पेन्सिलीनं, तिसरा शाईनं, तोही बरेच दिवस विचार केल्यावर. तिसऱ्यात तू तीनच शब्द लिहायचास: होय, नाही, शंका. तुझ्या जन्माच्या वेळी गावात काय झालं ते तुझ्या आईनं, अव्वानं सांगितलं, तिच्यापुढंही तू 'शंका' लिहिलंस. ते कळल्यावर दोन दिवस तिनं तुला शेंगाचटणी दिली नव्हती.

तुझा एक नियम होता आणि त्यावरून आपण कायम भांडलो. एकानं सांगितलेलं दुसऱ्याला विचारण्याआधी सांगायचं नाही. "आधी सांगितलं की माणूस तेच म्हणतो," असं तुझं म्हणणं. मी म्हणायचो, याला आतल्या गाठीचा माणूस म्हणतात. सगळं माहीत असून भोळ्या तोंडानं विचारत बसायचं. निदान मित्राला तरी सांगावं. तू म्हणायचास, मित्राला तर मुळीच नाही. हे भांडण अर्धंच राहिलं आहे. आज मला तुझं म्हणणं पटतं आणि तरीही राग जात नाही.

दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या वर्षी गावात हेळवी आला. खडी फोडून जगलेल्या गावात पुन्हा जरा दाणे दिसू लागले होते आणि हे वंशावळीवाले लोक दाणे असतील तिकडेच बैल वळवतात. या हेळव्याचा आजा पूर्वी यायचा. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांचा बैल आमच्याकडे वळला नव्हता. नातवानं आजाची वही उघडली आणि घराघरांपुढं बसून पिढ्या वाचायला सुरुवात केली, अर्धं कानडी, अर्धं मराठी, एका सुरात. तू शाळेला सुट्टी देऊन त्याच्या मागं मागं उतरवून घेत फिरलास. मीही त्या दिवशी सुट्टी काढून गावी आलो होतो. आमच्या ओट्यावर अप्पा घोंगडी टाकून बसले होते. हेळव्यानं आमच्या घराचं पान वाचलं. पणजोबा, त्यांची तीन मुलं, तिन्ही वर्षाच्या आत गेलेली. मग चौथा शरणप्पा, पुढं शरणप्पाची पोरं, आणि संपलं. बसप्पाचं नावच नाही. बसप्पा म्हणजे अप्पांचे वडील, माझे आजोबा, शरणप्पाचे थोरले भाऊ.

तू म्हणालास, पुन्हा वाचा. त्यानं पुन्हा वाचलं. बसप्पा नव्हताच. तेव्हाच माझ्या मनात किडा वळवळला. पुन्हा का वाचायला लावलंस? ओट्याखाली मल्लप्पा उभा होता, शरणप्पाचा नातू, माझा चुलतभाऊ. पहिल्या वेळी त्याचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या वेळी होतं.

त्यानंतर काय झालं ते तुला सांगायला नको, पण मला मांडून ठेवायचं आहे. चैत्रातल्या जत्रेत देवाचा नंदीकोल, ती उंच सजवलेली काठी, पहिल्यांदा उचलायचा मान आमच्या घराचा, कारण आमची शाखा थोरली. अप्पा तरुणपणापासून ती कमरेच्या पट्ट्यात बसवून वेशीपर्यंत नेत. अप्पांना दुसरं काहीच मिरवायला नव्हतं. वडील मानमोडीच्या साथीत गेले तेव्हा अप्पा पाळण्यात होते. घरातली सगळी मोठी माणसं त्याच साथीत गेली आणि एका आत्यानं त्यांना वाढवलं. बापाचा चेहरा आठवत नसलेल्या माणसाला ती काठी म्हणजे बापाच्या हाताला हात लागल्यासारखं वाटायचं, असं ते एकदा मला म्हणाले होते. मल्लप्पानं पंचांपुढं सांगितलं की बसप्पा आमच्या रक्ताचाच नव्हता, कुठून तरी आणलेला. आणि मग दुसरी बातमी आली. माळावरच्या धनगरवस्तीत हेळव्यानं मल्हारीच्या घराचं पान वाचलं, त्यात पाळण्यातलं एक पोर निघालं, नाव बसप्पा. धनगराच्या घरी आमच्यातलं नाव. पंचांनी ठरवलं, गुरुनाथ मास्तर सगळं लिहितोय, तो छडा लावेल. तोवर मान मल्लप्पाकडे.

पहिल्या वर्षी मिरवणूक आमच्या ओट्यापुढून गेली तेव्हा अप्पा पाठ फिरवून शेंगा सोलत बसले होते. जत्रेच्या दिवशी कोण शेंगा सोलतं, गुरू?

मी तुझ्यावर पाळत ठेवली. आज हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो. मल्लप्पाच्या ओसरीवर तू चहा घेताना दिसलास, ते मला कळलं. धनगरवस्तीत तू दोनदा उन्हातान्हात चालत गेलास, ते एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. अप्पांना काहीतरी विचारून गेलास आणि काय विचारलंस ते अप्पांना नीट सांगता येईना, कसलं तरी पोराच्या नाकातलं म्हणाले. मी धागे जुळवत गेलो. तुला गावाचा इतिहास हवा, इतिहासात काहीतरी दडलेलं निघालं की तो रंगतो. माझा आजोबा तुझ्या वहीतलं सगळ्यात रंगतदार पान होणार, अशी माझी खात्री झाली.

मग तू गिरणीच्या भोंग्याला फाटकापाशी आलास. आपण समोरच्या हॉटेलात बसलो. तू शिरा मागवलास आणि खाल्ला नाहीस. म्हणालास, "शिवप्पा, एक विचारतो. लहान पोराच्या नाकातलं काही तुमच्या घरात जपून ठेवलेलं आहे का?"

होतं की. तांब्याची एक बारीक वाळी. माझ्या अव्वानं जाण्याच्या आधल्या महिन्यात देवघरातल्या करंड्यातून काढून माझ्या हातावर ठेवली होती. अप्पांना तिचा पत्ताही नव्हता. आमच्यात करंड्यात काय आहे ते बायकाच जाणत. अव्वाला ती अप्पांच्या आत्यानं दिली होती. "तुझ्या आज्याच्या नाकातली हाय. टाकू नको, आन कुणाला दावत बी बसू नको," असं ती म्हणाली होती. मी ती सोलापुरात माझ्या ट्रंकेत ठेवली होती. पोरं जगत नसली की पुढच्या पोराचं नाक टोचतात आणि त्याला दुसऱ्याच्या ओटीत घालतात, हे आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? मी तुझ्या तोंडाकडे बघून पुढचा हिशेब केला. वाळी आहे म्हटलं की नाक टोचलेलं ठरणार. नाक टोचलेलं म्हणजे दिलेलं पोर. दिलेलं पोर म्हटलं की ते धनगरानंच आम्हाला दिलेलं, असं पंच धरणार. तू माझ्याच तोंडून माझ्या बापाचा मान काढून घेणार.

मी म्हणालो, "नाही. असलं काही नाही."

मला वाटलं तू आणखी खोदशील. तू फक्त म्हणालास, "बरं." पेन्सिल काढून लिहिलंस, माझ्या घरच्यांची खुशाली विचारलीस आणि एसटी गाठायला गेलास. मी तुझा शिरा खाल्ला आणि मनात म्हणालो, कसा फसवला मास्तरला.

त्यानंतर तू दोनदा आलास. एकदा फाटकाशी उभा असलेला तू मला आतून दिसलास आणि मी मागच्या फाटकानं निघून गेलो. दुसऱ्यांदा दिवाळीत घरी आलास, हातात घरच्या करंज्यांचा डबा, आणि मी बायकोला सांगितलं, बाहेर गेलेत म्हण. खोलीच्या दाराआडून मी तुझा आवाज ऐकत होतो. ती चहा ठेवू का म्हणाली. तू म्हणालास, नको, शिवप्पा असता तर घेतला असता. डबा ठेवून गेलास. तो अजून आमच्याकडेच आहे. मग निरोप आला तो तू गेल्याचा. फळ्यावर लिहिता लिहिता खडू खाली पडला आणि पाठोपाठ तू, असं म्हणतात. कशाला आला होतास त्या दोन वेळा? वहीत ते कुठं नाही. मी चार वेळा शोधलं.

आमच्या घराचं पान वहीत बरंच मागं आहे. वरची ओळ धनगरवस्तीतल्या लकाबाईची, मल्हारीच्या सुनेची. तिनं जे सांगितलं ते तू तिच्याच शब्दांत उतरवलं आहेस. वाचून माझा विश्वास बसेना, म्हणून मी परवा स्वतःच माळावर गेलो. म्हातारीला दिसत नसलं तरी ऐकू येतं. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "मास्तर बोलला हुता, त्यो येईल म्हून. लई दिस लावलंस की."

तिनं मला तेच सांगितलं. माझ्या पणजीची तीन पोरं गेली. चौथं झालं तेव्हा ते उकिरड्यावर ठेवलं आणि लकाबाईच्या सासूनं ते सूपभर कोंडा देऊन विकत घेतलं, सटवाईला वाटावं की हे या घरचं नव्हेच. नाक टोचून तांब्याची वाळी घातली. जावळ काढेपर्यंत पोर धनगराच्या घरी राहिलं आणि तोवर त्याच्या आईबापानं ते आपलं म्हणायचं नव्हतं, तोंडातून शब्द निघाला तर सटवाई ऐकते. नेमक्या त्याच वर्षी हेळवी आला. "तुज्या पणजीला त्यानं इचारलं, पोरं किती? ती म्हनली, न्हाईत. एक बी न्हाय. आमच्या दारात आला तर पाळन्यात पोर. सासू म्हनली, आमचंच हाय. मग त्यानं लिवलं आमच्यात. त्याचा काय दोष?" पुढं जावळ झालं, पोर घरी गेलं. बसप्पा मोठा झाल्यावर दर दिवाळीला तिच्या सासूला लुगडं घेऊन यायचा आणि तिला आई म्हणायचा, हे लकाबाईनं नवी सून असताना डोळ्यांनी पाहिलेलं.

हेळव्याच्या पुढच्या फेऱ्या आमच्याकडे झाल्याच नाहीत. शरणप्पा आणि त्याची पोरं त्यानं त्याच्या सासरच्या माणसांकडून ऐकून भरली. बसप्पाची चूक तशीच राहिली.

निघताना म्हातारीनं माझा हात धरला. "वाळी हाय न्हवं घरात? दोन पिळाची. सासूनं माज्यासमोर किती येळा सांगितलं, दोन पीळ दिलं, सुटू ने म्हून."

गुरू, दोन पीळ तू वहीतही लिहिले होतेस, पण अर्थ तेव्हा लागला. तू मला वाळी कशी आहे ते का सांगितलं नाहीस ते कळलं. तू मला काहीच न सांगता विचारलंस, आणि मी ट्रंकेतून आपण होऊन दोन पिळांची वाळी काढून ठेवली असती, तर पंचांना, मल्लप्पाला, कुणालाही तोंड उघडता आलं नसतं. एक माळावरची म्हातारी, एक सोलापुरातला गिरणीवाला, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही, आणि पीळ दोन. एवढ्यासाठी तू तो नियम धरून बसला होतास. आणि मी तुला आतल्या गाठीचा म्हणत होतो.

आता त्या पानावरचं सांगतो. लकाबाईच्या सांगण्यापुढं तिसऱ्या रकान्यात शाईनं 'शंका' आहे. खाली अप्पांची ओळ: ठाऊक नाही. त्यापुढं 'होय'. खाली माझी ओळ. पोराच्या नाकातलं काही घरात आहे का? पेन्सिलीनं: नाही. आणि त्यापुढं शाईनं 'होय'.

स्वतःच्या आईपुढं 'शंका' लिहिणारा तू, वहीभर दुसऱ्यांच्या बोलण्यात खोट शोधणारा तू, माझ्या धडधडीत खोट्यापुढं 'होय' लिहून मोकळा झालास. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आहे: "म्हातारीचं खरं असावंसं वाटतं. पण शिवप्पा नाही म्हणतो. शिवप्पाचं धरायचं."

बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. मला तुझा राग आला, गुरू. माझ्यासारख्या माणसावर असा विश्वास कोण ठेवतं? एकदा तरी माझं बोलणं उजेडात धरून बघायचंस.

आणि नंतर जे मनात आलं तेही सांगतो, तुझ्यापासून आता काय लपवायचं. 'नाही' पेन्सिलीनं आहे, 'होय' शाईनं. पोराच्या दप्तरातलं खोडरबर घेऊन दोन अक्षरं पुसायची, तिथं 'आहे' लिहायचं. तुझं अक्षर मला हुबेहूब काढता येतं, शाळेत तुझे निबंध मीच उतरवायचो. तुझं 'होय' जागच्या जागी राहिलं असतं आणि पंचांनी त्यापुढं मान तुकवली असती. चैत्राला महिना आहे. अप्पांची कंबर अजून ताठ आहे. मी रबर हातात घेतलं होतं. ज्याच्यावर वही बदलल्याचा संशय घेऊन मी शिवण उलगडून पाहिली, त्याच्या वहीवर हात टाकायला मीच बसलो होतो.

मला ते जमलं नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. ते 'होय' तू वाळीपुढं लिहिलंच नव्हतंस, ते माझ्या नावापुढं लिहिलेलं होतं, आणि ते तसं वाळीकडे ढकलून द्यायला माझा हात चालेना.

खाली नवी ओळ घातली. शाईनंच. विचारलं तेच. सांगितलं: आहे. आधी खोटं बोललो. खाली माझी सही. तिसरा रकाना मोकळा ठेवला.

रविवारी पंचांपुढं वही आणि वाळी दोन्ही ठेवली. मल्लप्पानं वाळी बोटांवर फिरवून पाहिली. "मास्तर गेला आन वाळी आली व्हय?" म्हणाला. "दोन पीळ वहीत लिवल्यात. बोहारणीकडनं असली धा आणून दावतो." तो वाईट माणूस नाही, त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. पंच म्हणाले, मास्तर जिवंत असताना नाही म्हणालास, मास्तरनं ते खरं मानलं, आता आम्ही कुठलं धरावं? त्यांनी जत्रेनंतर बघू म्हणून सांगितलं. म्हणजे यंदाही काठी मल्लप्पाच्याच पट्ट्यात.

संध्याकाळी अप्पांना सगळं सांगितलं, काही मागं न ठेवता. उकिरडा, कोंडा, धनगराची आई, ट्रंक, हॉटेल, माझं नाही. ते रागावतील म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. त्यांनी वाळी मागून घेतली. करंगळीच्या टोकावरही ती चढेना. बापाची म्हणून त्यांच्या हाती आलेली ही पहिलीच वस्तू.

"मास्तरला दावायची हुती की रं," एवढंच म्हणाले.

ऐक, गुरू. तू विचारलं होतंस आणि माझ्याकडून उत्तर राहिलं. वाळी आहे. तांब्याची आहे. पीळ दोनच आहेत.